हार्ड डिस्कसमोरचे पंखे काढू नका, हळू चालवा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात असा: लातूरला घरातल्याच एका खोलीत तुम्ही लग्नाचे व्हिडिओ एडिट करता. सहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला पीसी आहे, त्यात चार हार्ड डिस्क एकावर एक बसवल्या आहेत आणि त्यांच्यासमोर कॅबिनेटच्या तोंडाशी 120 मिलिमीटरचे दोन पंखे आहेत. मशीन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत ते एकाच जोरात पळतात. शेजारच्या खोलीत आठ महिन्यांचं बाळ झोपतं, त्यामुळे रात्री रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवायचं लांबलचक काम) लावून ठेवायची सोय राहिलेली नाही. दुकानदार म्हणतो, ‘हार्ड डिस्कला पंखा लागतच नाही, काढून टाका.’ काढू का?

काढू नका. निदान चार डिस्क एकमेकींना चिकटून बसलेल्या असताना आणि तोंडावर उन्हाळा असताना तरी नाही.

मात्र दुकानदार अगदीच चुकीचं बोलत नाहीये. एकच डिस्क असेल, तिच्या खाली-वर मोकळी जागा असेल आणि कॅबिनेटच्या मागचा पंखा हवा ओढत असेल, तर तिला स्वतंत्र पंखा बहुतेक वेळा लागत नाही. तुमचं तसं नाही. 3.5 इंची, मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क काम करताना साधारण 6 ते 8 वॅट वीज खाते आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. चार डिस्क म्हणजे 25-30 वॅट. पूर्वी देवघरात लावायचो तो छोटा पिवळा बल्ब आठवा. तेवढी ऊब एका बंद पेटीच्या कोपऱ्यात दिवसभर साठते. मधल्या दोन डिस्कना तर खालून-वरून दुसऱ्या गरम डिस्कचं पांघरूण.

पंखा ठेवायचा की काढायचा हा प्रश्न मी नंतरचा समजतो. आधी हे बघा, की डिस्क किती तापली आहे हे तुमच्या पंख्यांना सांगणारं कोणीच नाही. रात्री दोनला डिस्क निवांत असताना आणि दुपारी चारला फुटेज कॉपी होत असताना ते सारखेच धावतात. डिस्कला लागते झुळूक, आणि तुम्ही तिच्यासमोर वावटळ लावून बसला आहात. झुळूक किती पुरेल ते मोजायचं आणि पंख्याला तेवढंच पळू द्यायचं, एवढंच काम आहे. त्यातलं निम्मं फुकटात होतं.

मी जळगावला 22 वर्षं कॉम्प्युटर जोडतो आणि दुरुस्त करतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, त्यामुळे गारवा आणि आवाज यांचं भांडण माझ्या दुकानात दर उन्हाळ्यात येतं.

सर्वात आधी आवाज कोणाचा आहे याची खात्री करा. तुम्ही लिहिलंय ‘पंख्यांचाच आहे, नक्की’. माझ्याकडे नक्की म्हणून आलेल्यांपैकी बरेच जण चुकलेले निघालेत. एक गिऱ्हाईक महिनाभर कॅबिनेट उघडून बसायचं, आणि घूं आवाज येत होता टेबलाखालच्या यूपीएसमधून. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्यावरचा ट्रान्सफॉर्मर 100 हर्ट्झला घुमतो, आणि 7200 फेऱ्यांची डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते. दोन्ही आवाज कानाला भावाभावासारखे वाटतात. म्हणून मशीन बंद करा, पुढच्या दोन्ही पंख्यांच्या वायरी काढा आणि पाच मिनिटं चालवून बघा. एवढ्या वेळात डिस्कला काही होत नाही. आवाज गेला तर चोर सापडला. राहिला, तर एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा, ग्राफिक्स कार्डचा पंखा आणि खुद्द डिस्क यांच्याकडे वळायचं.

कान थोडा तयार असेल तर आवाजाच्या जातीवरूनही कळतं. सरळ ‘सूंऽऽ’ असा वाहता आवाज असेल तर तो हवेचा. पंखा निरोगी आहे, फक्त जोरात पळतोय. ‘घरघर’ किंवा ‘खरखर’, त्यातही सकाळी सुरू करताना जास्त आणि दहा मिनिटांनी कमी, म्हणजे बुश (पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) सुकला. ‘कर्रर्र’ असा एकदम सुरू होऊन एकदम थांबणारा आवाज म्हणजे एखादी वायर पात्याला लागतेय. ‘घूंऽ… घूंऽ…’ असा लाटेसारखा वाढणारा-उतरणारा आवाज पंख्याचा नसतोच. दोन डिस्क जवळजवळ एकाच वेगाने फिरतात, पण तंतोतंत एका वेगाने नाही, म्हणून त्यांचे आवाज कधी एकमेकांत मिळतात, कधी एकमेकांना खातात. आणि ‘टक्… टक्… टक्’ असं ठरावीक अंतराने आलं तर हे उत्तर वाचणं थांबवा, आधी त्या डिस्कवरचं सगळं दुसरीकडे कॉपी करा. पंख्याचं नंतर बघू.

तुमच्या वर्णनावरून तुमचा आवाज पहिल्या जातीचा दिसतो, सूं. ही चांगली बातमी, कारण त्यावर उपाय करायला बहुधा काही विकत आणावं लागत नाही.

पंखे कायम पूर्ण जोरात पळतात याचं कारण जवळजवळ नेहमी वायर कुठे लावली आहे यात असतं. कॅबिनेटची बाजूची पत्री काढा आणि पंख्याची वायर कुठे जाते ते बोटाने पकडत बघा. ती जर एसएमपीएसमधून आलेल्या चार पिनांच्या मोठ्या पांढऱ्या कनेक्टरला गेली असेल, तर कारण तिथेच सापडलं. त्या कनेक्टरमध्ये पिवळी वायर 12 व्होल्ट, लाल 5 व्होल्ट आणि दोन काळ्या अर्थिंगच्या. पंखा पिवळी आणि काळी घेतो, म्हणजे चोवीस तास 12 व्होल्ट. त्याला हळू हो म्हणायची सोयच नाही. असेंबल करणारे घाईत असं करतात, कारण मदरबोर्डवर वायर पोचवायला पाच मिनिटं जास्त लागतात. मीही केलंय, खोटं कशाला बोलू.

मदरबोर्डच्या कडेला ‘सिस फॅन’ किंवा ‘चेसिस फॅन’ असं बारीक अक्षरात लिहिलेल्या पिना असतात. पंखे तिथे आणा. ‘सीपीयू फॅन’ लिहिलंय तिथे नको, ती जागा प्रोसेसरच्या पंख्याची. एकच जागा शिल्लक असेल तर दोन पंखे जोडणारी वाय आकाराची वायर मिळते. बहुतेक बोर्डांवर अशा एका जागेतून 1 अँपियरपर्यंत करंट घेता येतो, पण तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या. साध्या 120 मिलिमीटरच्या पंख्याच्या स्टिकरवर 0.15 ते 0.3 अँपियर लिहिलेलं असतं, म्हणजे दोघांची बेरीज सहज बसते. तुमच्याकडे दिव्यांचे रंगीत पंखे असतील आणि ते वेगळ्या डब्यात जोडलेले असतील, तर गोष्ट थोडी वेगळी. त्या स्वस्त डब्यांपैकी बऱ्याच डब्यांत रंग बदलायचं बटण असतं, वेग बदलायचं नसतं.

वायर मदरबोर्डवर असूनही पंखे सुसाट असतील, तर दुसरं कारण बघा. हे मला दर महिन्याला एकदा तरी भेटतं. पंखे दोन जातीचे: तीन पिनांचे आणि चार पिनांचे. तीन पिनांच्या पंख्यात एक अर्थिंगची, एक 12 व्होल्टची आणि एक किती फेऱ्या झाल्या ते सांगणारी. त्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेजच कमी करावं लागतं. चार पिनांच्या पंख्याला व्होल्टेज पूर्ण 12 च राहतं, चौथ्या वायरीवरून सेकंदाला सुमारे 25 हजार वेळा चालू-बंद असा इशारा जातो आणि त्यावरून पंखा आपला वेग ठरवतो. आता तुमच्या बोर्डावर चार पिना आहेत, पंखा तीन पिनांचा आहे आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्या जागेची पद्धत ‘पीडब्ल्यूएम’, म्हणजे चौथ्या वायरीच्या इशाऱ्याची, ठेवलेली आहे, असं असेल तर काय होईल? बोर्ड चौथ्या पिनेवरून ‘हळू, हळू’ ओरडत राहतो, आणि पंख्याला चौथा कानच नाही. तो पूर्ण जोरात पळतो. बायोसमध्ये जाऊन तीच पद्धत ‘डीसी’, म्हणजे व्होल्टेज कमी करायची, केली की दहा सेकंदांत खोली शांत. पैसे किती घ्यायचे याची लाज वाटावी इतकं सोपं काम.

पंखा आता ताब्यात आला. तो किती हळू करायचा, हे मात्र तुमच्या खोलीवर, ऋतूवर आणि डिस्कवर अवलंबून आहे, त्यामुळे मी इथून आकडा देऊ शकत नाही. तो कसा काढायचा ते सांगतो.

प्रत्येक डिस्कच्या आत तापमान मोजायची सोय असते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते दाखवतं. बहुतेक डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात चालण्याची मर्यादा 60 अंशांपर्यंत दिलेली असते. मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो: 45 पर्यंत विचार करू नका, उन्हाळ्यात 50 पर्यंत चालवून घ्या, 55 दिसलं तर काहीतरी करा. तिकडे 35 च्या खाली आणायला धडपडू नका. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये आपल्याच एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात गरम डिस्क लवकर मरतात हा सरधोपट समज टिकला नाही. तापमान फारच वर गेलेल्या आणि जुन्या झालेल्या डिस्क सोडल्या, तर उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध वाटला होता त्याहून बराच कमकुवत निघाला. उलट अगदी गार राहणाऱ्या डिस्क जास्त बिघडलेल्या दिसल्या. म्हणजे जोरात पंखा लावून 38 ची डिस्क 33 वर आणण्यात तुम्हाला फक्त आवाज मिळतो.

आणखी एक. कितीही पंखे लावा, डिस्क खोलीपेक्षा गार होणार नाही. पंखा गारवा तयार करत नाही, फक्त गरम हवा हलवतो. मे महिन्यात तुमची खोली 36 ला असेल तर डिस्क 45-46 दाखवणार, आणि ते ठीक आहे. दर एप्रिलमध्ये एखादा घाबरलेला फोन येतो, ‘डिसेंबरमध्ये 33 होतं, आता 45 झालं, काय बिघडलं?’ काही बिघडलं नाही, ऊन वाढलं. म्हणून डिस्कच्या तापमानासोबत खोलीचं तापमान टिपून ठेवायची सवय लावा. दोघांतला फरक 10 अंशांच्या आसपास असेल तर मी निर्धास्त असतो. फरक 18-20 झाला तर हवा कुठेतरी अडली आहे, बहुतेक वेळा पुढच्या जाळीत.

आणि हो, वाळ्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. तापमान छान उतरतं, पण ती हवा ओली असते. आतली पत्री आणि कनेक्टर दोन-तीन उन्हाळ्यांत हिरवे-पांढरे पडलेले मी पाहिलेत.

मोजायची पद्धत अशी. दुपारी, सर्वात गरम वेळी, दोन डिस्कमध्ये मोठं फुटेज कॉपी करायला लावा. पंखे आधी पूर्ण जोरात ठेवा आणि तासाभराने चारही डिस्कचं तापमान लिहा. मग बायोसमध्ये वेग 60 टक्क्यांवर आणा, पुन्हा तास. मग 40. डिस्क जड असते, तिला तापायला आणि निवायला वेळ लागतो. पाच मिनिटांत आकडा बघून निर्णय घेऊ नका. माझ्या टेबलावर दर वेळी साधारण एकच चित्र दिसतं: पंखा बंद असताना आणि तो अगदी हळू, मिनिटाला 500-600 फेऱ्यांनी फिरत असताना, या दोन्हींत मोठा फरक पडतो. त्यापुढे फेऱ्या दुप्पट केल्या तरी जेमतेम तीन-चार अंश मिळतात. पहिली झुळूकच खरं काम करते.

आवाजाचं गणित मात्र उलट्या बाजूने धावतं. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. 10 डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. याउलट एकसारखे दोन पंखे शेजारी लावले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. आता हिशेब करा. एक पंखा काढून दुसरा पूर्ण जोरात ठेवला, तर 3 डेसिबल वाचले, म्हणजे बाळाला फरकही कळणार नाही. दोन्ही ठेवून दोन्ही निम्म्या वेगाने चालवले, तर एका पूर्ण वेगाच्या पंख्याइतकीच हवा मिळाली आणि आवाज त्याच्यापेक्षा 12 डेसिबलने खाली. म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं, काढू नका. लोक आवाज कमी करायला पंखे कमी करतात. मी बऱ्याचदा एक वाढवतो.

या हिशेबात एक पाचर आहे, तीही सांगतो. फेऱ्या निम्म्या झाल्या की पंख्याची ढकलण्याची ताकद निम्मी होत नाही, चौथाई होते. समोर धुळीने भरलेली जाळी असेल तर हळू पंखा तिच्यातून हवा ओढूच शकत नाही, जागच्या जागी फिरत राहतो. त्यामुळे वेग कमी करण्याआधी पुढचा फिल्टर काढून धुवा, वाळवा, मग बसवा. लातुरात धूळ काय कमी आहे? महिन्यातून एकदा हे करावं लागेल. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो त्याच्या क्षमतेपलीकडे गरगर फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. पोरांना तो आवाज ऐकायला मजा येते, माझ्याकडे शिकायला आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या आठवड्यात हे करतो.

आता वेग आपोआप कमी-जास्त करण्याबद्दल. बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानावरून ठरवता येतो, पण कुणाच्या तापमानावरून ते बघा. बहुतेक ठिकाणी प्रोसेसरचं निवडलेलं असतं. प्रोसेसर क्षणात 45 वरून 75 ला उडी मारतो आणि क्षणात खाली येतो. तुम्ही टाइमलाइनवर एक इफेक्ट टाकला की पंखा ‘व्हूंऽ’ करून उठतो आणि पुन्हा बसतो. डिस्कचा या सगळ्याशी काही संबंध नाही. त्यातून कानाची खोड अशी, की एकसारखा मंद आवाज तो विसरून जातो आणि बदलता आवाज त्याला टोचत राहतो. झोपलेलं बाळही पंख्याच्या सुराने जागं होत नाही, सूर बदलला की होतं. म्हणून बायोसमध्ये प्रोसेसरऐवजी मदरबोर्डचं तापमान निवडा, किंवा सरळ एक ठरावीक वेग लावून टाका. तुमच्यासाठी मी दुसरं करीन. सुरुवातीला अंदाजाने हिवाळ्यात 40 टक्के, उन्हाळ्यात 55, आणि वर्षातून दोनदा हाताने बदल. तुमची चाचणी आणि पंखे कितीला नीट सुरू होतात ते बघूनच आकडा ठरवा.

हे पुरेसं वाटत नसेल आणि थोडी हौस असेल, तर पंख्याला थेट डिस्कचं तापमान ऐकवता येतं. बायोसला ते सहसा दिसत नाही, सॉफ्टवेअरला दिसतं. पूर्वी यासाठी स्पीडफॅन वापरायचो; ते आता म्हातारं झालं, नवे बोर्ड त्याला ओळखत नाहीत. सध्या विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. त्यात चारही डिस्कपैकी जी सर्वात गरम ती निवडा, 38 अंशांपर्यंत पंखा किमान वेगावर आणि 50 ला पूर्ण, अशी रेघ आखा. लिनक्सवर 2020 च्या 5.6 या आवृत्तीपासून कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) ड्राइव्हटेम्प नावाची सोय आली, ती साटा (नेहमीच्या जोडणीच्या) डिस्कचं तापमान बाकीच्या सेन्सरांच्या रांगेत आणून बसवते, आणि मग फॅनकंट्रोल या लिनक्सवरच्या पंख्यांचा वेग ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला ते वाचता येतं. पण सॉफ्टवेअर म्हणजे सॉफ्टवेअर. ते अडकलं, विंडोजच्या अपडेटनंतर सुरूच झालं नाही, तर पंखा शेवटच्या वेगावर किंवा बायोसच्या वेगावर राहतो. म्हणून बायोसमधला वेग असा ठेवा, की सॉफ्टवेअर नसलं तरी डिस्क सुरक्षित राहील. शून्यावर तर कधीच नको.

काही जुने उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच बोलतो. पंख्याची लाल वायर पिवळीला आणि काळी वायर एसएमपीएसच्या लालला जोडली, की 12 वजा 5 म्हणजे 7 व्होल्ट मिळतात आणि पंखा शांत होतो. एके काळी आम्ही सगळेच हे करायचो. पण तो पंखा आतून शॉर्ट झाला तर 12 व्होल्ट थेट 5 व्होल्टच्या रेषेत शिरतात, आणि त्याच रेषेवर तुमच्या चार डिस्क बसल्या आहेत, लोकांच्या लग्नांसकट. मदरबोर्ड हे काम नीट करत असताना असा जुगार कशाला? नुसत्या 5 व्होल्टवर चालवायचं म्हटलं तर तो धोका नाही, पण बरेच 12 व्होल्टचे पंखे 5 व्होल्टवर फिरत राहतात आणि बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. कुठलाही वेग ठरवला की मशीन पूर्ण बंद करून, रात्रभर गार होऊ देऊन, सकाळी पंखा स्वतःहून फिरतो का ते डोळ्यांनी बघा.

या सकाळच्या तपासणीचा हट्ट मी का धरतो, तर एक जुनी फजिती आहे. नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका फोटो स्टुडिओच्या मशीनचा पंखा घरघरत होता. बुशचा पंखा, मागचं स्टिकर उचललं, तेल हवं होतं, आणि दुकानात डोक्याला लावायची खोबरेल तेलाची बाटली होती. घातले दोन थेंब. काय गप झाला! मी खूश, गिऱ्हाईक खूश. दिवाळी झाली, डिसेंबर उजाडला, आमच्याकडे पहाटे पारा 10 च्या आसपास उतरतो. खोबरेल 24 अंशांखाली थिजायला लागतं. सकाळी मशीन चालू केलं की पंखा जाम, आणि उन्हं वर आली की आपोआप सुरू. स्टुडिओवाला दुपारी दुकानात यायचा, मी मशीन चालू करून दाखवायचो, पंखा मस्त फिरायचा. तीन खेपा झाल्यावर त्याने मला सकाळी सातला स्वेटर घालून स्टुडिओत नेऊन उभं केलं, तेव्हा कळलं. डिस्क वाचली, माझं नशीब. तेव्हापासून शिलाई मशीनचं तेल वापरतो, आणि तेही पंखा आणखी दोन-चार महिने ओढायचा असेल तरच. गंज सोडवायचा स्प्रे तर बुशमध्ये अजिबात मारू नका. तो जुनं तेल धुऊन काढतो, स्वतः उडून जातो आणि बुश कोरडा करून ठेवतो. घरघरणारा पंखा बदलायचाच असतो.

बदलायची वेळ आलीच तर चार पिनांचा, 120 मिलिमीटरचा, कमाल फेऱ्या 1200 च्या आसपास असलेला घ्या. कॅबिनेटमध्ये बसत असेल तर 140 चा, तेवढीच हवा आणखी कमी फेऱ्यांत मिळते. डिस्कच्या पिंजऱ्यातून हवा ढकलायची असल्याने खोक्यावर हवेच्या आकड्याइतकाच दाबाचा आकडाही बघा. बुशच्या पंख्यापेक्षा फ्लुइड बेअरिंगचा जास्त टिकतो. डिस्कच्या पोटाला स्क्रूने लावायचे ते बोटभर 40 मिलिमीटरचे पंखे मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एवढ्याशा पात्याला हवा हलवायला जीव तोडून पळावं लागतं, आणि तो आवाज डासासारखा असतो. पंखा लावताना लोखंडी स्क्रूऐवजी रबरी पिना वापरल्या तर थरथर पत्र्यात उतरत नाही.

सूं गेल्यावर एक घूं शिल्लक राहिलेला ऐकू येईल, त्याची तयारी ठेवा. तो डिस्कचा स्वतःचा. आजवर पंख्याने झाकला होता. डिस्क पिंजऱ्यात कशी बसवली आहे ते बघा. चार स्क्रूंपैकी दोनच लावलेत का, ते सैल आहेत का, रबरी वॉशर आहेत का. वॉशर नसतील तर टाकून घ्या. बाजूची पत्री हाताने दाबून बघा, आवाज बदलला तर पत्रीच घुमतेय. कॅबिनेट पोकळ लाकडी टेबलावर असेल तर ते टेबल तबल्यासारखं साथ देतं. खाली जाड रबराची चटई टाका, पण तळाच्या एसएमपीएसची जाळी बुजवू नका.

सर्वात आधी मी तुमच्या मशीनवर काय केलं असतं सांगू? पंख्याला हात लावायच्या आधी डिस्क हलवल्या असत्या. तुमच्या कॅबिनेटचा फोटो तुम्ही टाकलाय, त्यात सहा खण दिसतात आणि चार डिस्क मधल्या चार खणांत कोंबल्या आहेत. एक सगळ्यात खाली, एक सगळ्यात वर, आणि उरलेल्या दोघींना प्रत्येकी निदान एका बाजूला रिकामा खण, असं बसवा. मधल्या डिस्क नुसत्या एवढ्यानेच बऱ्याच निवतील. दुसरं, चालू लग्नाचं फुटेज एसएसडीवर (आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कवर) ठेवा आणि हार्ड डिस्क फक्त झालेल्या कामांच्या साठवणीसाठी. रात्रीच्या रेंडरला मग हार्ड डिस्क लागतच नाहीत, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 30 मिनिटांनी त्या थांबू द्या. दर पाच मिनिटांनी थांबवू-उठवू नका, वारंवार सुरू होण्यानेही डिस्क झिजते. थांबलेली डिस्क तापत नाही आणि घुमतही नाही.

या शनिवारी एवढं करा: फिल्टर धुवा, डिस्कमध्ये अंतर ठेवा, वायर कुठे लागली आहे ते बघा, आणि पंखे तीन पिनांचे की चार तेही. मग दुपारची चाचणी घेऊन चारही डिस्कचं तापमान, खोलीचं तापमान आणि पंख्याच्या फेऱ्या मला लिहून पाठवा. पिनांचा फोटो जमला तर जोडा. एसएमपीएसकडून येणारी वायर त्यात दिसली पाहिजे.